पितृपंधरवड्यातले पाहुणे आणि त्याआधीचे दहा दिवस

नाशिकजवळ गिरणाऱ्याच्या पुढे आमच्या मळ्यात एक जुनं कौलारू घर आहे. चार खोल्या, पुढे पडवी, मागे विहीर, भोवती पेरूची झाडं, दोन जांभळं आणि एक म्हातारा आंबा. मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यापासून वर्षातून एकदा, आठ दिवस, मी हे घर लिहिणाऱ्या, रंगवणाऱ्या, गाणाऱ्या पाच जणांना राहायला देते. आता ओळखीतल्या दोघी-तिघी त्यांच्या मळ्यातल्या घरांसाठी विचारतात, की बाई, तयारी काय करावी लागते? त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

पहिल्या वर्षी मी फार हौसेने सगळं केलं. रोज एक ठिकाण ठरवलं होतं. पांडवलेणी, त्र्यंबक, अंजनेरी, गंगापूर धरण, एक द्राक्षबाग. नाश्त्याला तीन पदार्थ. प्रत्येकाला दिवसातून चार वेळा जाऊन विचारायचं, काही हवंय का. चौथ्या दिवशी त्यांच्यातली एक कविता लिहिणारी मुलगी ओट्याशी येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "काकू, उद्या कुठे नाही गेलं तर चालेल का?" तिची वही कोरी होती. ती सुट्टी काढून, मुलाला आईकडे ठेवून आली होती, आणि तिचे चार दिवस मी पाहुणचारात घालवले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून माझी सगळी तयारी एकाच गोष्टीभोवती असते. सकाळी डोळे उघडल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत पाहुण्याला कोणालाही काहीही विचारावं लागू नये. चहा कुठे आहे, दिव्याचं बटण कुठलं, पाणी प्यायचं आहे की वापरायचं, रंगाचं पाणी कुठे ओतू, ओला टॉवेल कुठे वाळत घालू. प्रश्न पडायच्या आधी उत्तर जागेवर हवं. पुढचं सगळं त्यासाठीच.

आधी तारीख. आपल्याकडे शांतता पंचांग बघूनच शोधावी लागते. श्रावणात बोलवायचं मनात असेल तर तिसरा सोमवार टाळाच. त्या दिवशी ब्रह्मगिरीच्या फेरीला लाखोंनी लोक येतात, त्र्यंबक रस्त्यावर खाजगी गाड्या गावाच्या अलीकडेच अडवतात, आणि आदल्या रात्रीपासून वर्दळ असते. भाद्रपदात गणपतीचे दहा दिवस ढोल आणि स्पीकर. दसऱ्याच्या आसपास आमच्या भागात द्राक्षाची गोडी छाटणी सुरू होते, आणि ती झाली की ट्रॅक्टरच्या ब्लोअरने फवारणी. तो आवाज अर्धा किलोमीटरवरून खिडकीत येतो, औषधाचा वासही येतो. दारं-खिडक्या लावून बसावं लागतं, दोरीवरचे कपडे आत घ्यावे लागतात.

या सगळ्याच्या मधे एक पंधरवडा मोकळा असतो. अनंत चतुर्दशीला गणपती गेले की सर्वपित्री अमावस्येपर्यंत लग्न नाही, वास्तुशांत नाही, वरात नाही, डीजे नाही. पितृपक्षात कोणी नवं काही सुरू करत नाही म्हणतात. मला मात्र लिहिणाऱ्याला बसायला याहून चांगले दिवस माहीत नाहीत. पावसाचा जोर ओसरलेला असतो, एखादी सर येऊन जाते, मग लख्ख ऊन, डोंगर हिरवे. एकच लक्षात ठेवा, या दिवसांत घरोघरी पित्तर असतं. तुमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींच्या घरची तिथी कोणती, हे तारीख ठरवतानाच विचारा. त्या दिवशी त्यांना सुट्टी द्यायची आणि आपण खिचडी टाकायची. पाहुण्यांतही कोणाच्या वडिलांची तिथी त्यात पडत असेल तर तेही आधीच विचारलेलं बरं. एका वर्षी एक गृहस्थ सकाळी विहिरीपाशी एकटेच तीळ-पाणी सोडताना दिसले. आधी कळलं असतं तर मी पान वाढून ठेवलं असतं.

शाकारणी वैशाखातच झालेली असते, ते धरून चालते. पाहुण्यांच्या दहा दिवस आधी मी मळ्यात राहायला जाते आणि पहिलं काम धरते ते ओल काढण्याचं. नाशिक शहरात त्या मानाने पाऊस कमी, पण जसजसं त्र्यंबककडे सरकाल तसा वाढत जातो, आणि चार महिने बंद राहिलेल्या घरात बुरशी सगळीकडे बसते. गाद्यांत, उशांत, कपाटाच्या मागे, पुस्तकांच्या पुठ्ठ्यावर. उदबत्ती किंवा रूम फ्रेशनरने तो वास झाकू नका. झाकलेल्या वासाने लोकांचं डोकं दुखतं. ऊन पडलं की गाद्या बाहेर काढायच्या, दुपारी उलटायच्या आणि चारच्या आत, त्या गरम असतानाच, घरात आणायच्या. संध्याकाळपर्यंत राहू दिल्या तर हवेतला दमटपणा पुन्हा पितात. भिंतीवरची बुरशी ओलसर फडक्याने पुसून भिंत वाळू द्या, तोंडाला फडकं बांधून. मग त्या जागी चुन्याचा हात. कपाटं दोन दिवस सताड उघडी. पुस्तकांच्या फळीवर वेखंडाचे तुकडे कापडात बांधून ठेवायचे.

चित्रकारांसाठी ओल हा आणखी वेगळा विषय आहे, आणि माझा तो जिव्हाळ्याचा. शिवाजी तुपे सरांसारख्या जलरंगात काम करणाऱ्यांनी या नाशिकचा गोदाघाट कागदावर आणला. पण कागदाने दमट हवा प्यायली असेल तर कितीही चांगला हात असला तरी रंग ब्लॉटिंगवर पडल्यासारखा फुटतो. दमट कागदाचं सायझिंग, म्हणजे पाणी रोखणारी खळ, मरतं, मग डाग पडतात, आणि ते डाग रंग लावेपर्यंत दिसत नाहीत. म्हणून पाहुण्यांना आधीच कळवते, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून आणा. इथे एक घट्ट झाकणाचा पत्र्याचा पेटारा ठेवलेला असतो, त्यात सिलिका जेलच्या पुरचुंड्या. निळे खडे ओलावा धरला की गुलाबी होतात. स्वयंपाकातून कायमच्या काढून टाकलेल्या जुन्या पातेल्यात मंद आचेवर तापवले की पुन्हा निळे. त्याच पेटाऱ्यात कॅमेऱ्याच्या लेन्सही ठेवायला सांगते, कारण काचेवर एकदा बुरशीची जाळी धरली की सहसा जात नाही. गाणारे-वाजवणारे येणार असतील तर सर्वांत कोरडी खोली त्यांना. दमट हवेत तबल्याची पुडी सैल पडते आणि सूर उतरतो. वाजवणारा बिचारा अर्धी सकाळ हातोडी घेऊन बसतो.

दारं फुगतात. ज्या दाराला उघडताना खांदा लावावा लागतो ते पहाटे सगळं घर उठवतं. सुताराला सांगितलं तर तो उद्या म्हणतो आणि तो उद्या दिवाळीला उगवतो, म्हणून मी रंधा विकत घेतला आणि मारायला शिकले. फार काढू नका, हिवाळ्यात तेच दार आक्रसतं आणि फट पडते. घासतं तेवढ्याच जागेवर दोन हात, मग मेणबत्ती घासायची. बिजागऱ्यांना तेल. कड्याही वाजवून बघा.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, आणि बहुतेक जण हेच करत नाहीत. प्रत्येक खोलीत एक रात्र स्वतः झोपा. चार खोल्या, चार रात्री. पाहुण्यासारखं झोपायचं, आपली उशी न नेता. दिवा घालवायचा आणि पडल्यापडल्या ऐकायचं. आंब्याखालच्या खोलीत मला पहिल्यांदाच कळलं की पत्र्याच्या वळचणीवरून थेंब थेट बादलीवर पडतोय, टप, टप, पहाटेपर्यंत. दिवसा तो ऐकूच येत नव्हता. बादली हलवली, संपलं. मागच्या खोलीत फ्रीजचा कॉम्प्रेसर भिंतीतून घुमत होता. फ्रीज सहा इंच पुढे ओढला आणि खाली रबराचे तुकडे घातले. एका खोलीत रात्री उठलं की दिव्याचं बटण दारामागे सापडायचं. तिथे पलंगाला बॅटरी टांगली. सकाळी उठून टेबलाशी बसायचं, वही काढायची आणि तासभर खरंच काहीतरी लिहायचं किंवा काढायचं. तासाभरात खुर्ची बोचते की नाही, ऊन डोळ्यांवर येतं की नाही, मोटारीचा आवाज किती वाजता सुरू होतो, सगळं कळतं. आमची पाण्याची मोटार सातला चालू व्हायची. आता दुपारी दीडला, सगळे जेवायला बसले की. शेतीची वीज रात्रपाळीत असेल त्या आठवड्यात टाकी आदल्या रात्रीच भरून घेते.

टेबलांवर पैसे घालवू नका. जुन्या वाड्यांची मोडलेली दारं भंगारात मिळतात. एक दार, दोन लाकडी घोड्या, उंची अडीच फूट, झालं टेबल. चित्रकाराला तेवढी लांबी लागतेच, आणि लेखकाला लागत नाही असं वाटतं, पण कागद पसरायला मिळाले की तेही खुलतात. टेबल खिडकीला काटकोनात लावा, उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डाव्या अंगाला उजेड येईल असं. रंगवणाऱ्याला शक्यतो उत्तरेची खिडकी. तिथला उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. रात्रीसाठी लेखकाच्या खोलीत पिवळा दिवा चालतो. चित्रकाराच्या खोलीत पांढराच हवा, पिवळ्यात रंग खोटे दिसतात. आणि खिडक्यांना जाळ्या. पावसाळ्यात दिव्यावर इतके किडे येतात की ओल्या चित्रात चिकटतात.

चित्रकाराच्या टेबलाखाली दोन बादल्या, एक स्वच्छ पाण्याची, एक रंगाच्या पाण्याची, आणि शेजारी झाकणाचा पत्र्याचा डबा. तैलरंगात काम करणाऱ्यांचे जवसाच्या तेलाचे बोळे त्यात, थोडं पाणी घालून. असे बोळे कोपऱ्यात गोळा करून टाकले तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. हे मी शाळेतही मुलांना सांगायचे.

विजेचं गणित एकदा कागदावर मांडा. आमच्याकडे इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची एक बॅटरी आहे. १२ व्होल्टने गुणलं की १८०० वॅट-तास, गळती-बिळती वजा जाता चौदाशेच्या आसपास हाती लागतात. पूर्वी ७५ वॅटचे चार पंखे आणि साठेक वॅटचे दिवे लावले की चार तासांत अंधार व्हायचा. ३० वॅटचे, कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे बसवले तर तीच बॅटरी आठ तासांच्या जवळ गेली. बॅटरीतलं डिस्टिल्ड वॉटर पाहुण्यांच्या आठवडाभर आधी बघून घ्या. तरीही प्रत्येक खोलीत कंदील ठेवाच.

विहिरीचं पाणी पावसाळ्यात गढूळ होतं. टाकी घासून घेतली की दर १००० लिटरला साधारण अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर. ती थेट टाकू नये. बादलीत कालवून गाळ बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं आणि तासभर थांबायचं. पिण्याचं पाणी त्याउपर गाळून उकळलेलं. प्रत्येक खोलीत झाकण लावलेला माठ आणि ओगराळं.

सापांबद्दल स्पष्ट बोलावं लागतं, मग पाहुणे पुण्या-मुंबईचे असोत नाहीतर परदेशातले. भाद्रपदात ते बाहेर असतातच. घराभोवतीचं गवत दहा फुटांपर्यंत कापून घ्या, लाकडं आणि विटांचे ढीग भिंतीपासून लांब हलवा, दाराखालच्या फटींना रबराची पट्टी लावा, चपला बाहेर ठेवायच्या तर उंचावर. रात्री बॅटरीशिवाय पाय खाली टाकायचा नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चारांचे फोटो मी पडवीत लावले होते. एक पाहुणी रात्रभर जागी राहिली, म्हणून ते काढले. आता पहिल्या संध्याकाळी तोंडी सांगते. चावल्यास कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. पाय हलू द्यायचा नाही आणि १०८ ला फोन करून थेट सरकारी रुग्णालय गाठायचं. जवळच्या रुग्णालयात प्रतिविष शिल्लक आहे का, हे मी दरवर्षी आधी स्वतः जाऊन विचारून येते. बिबट्याही या भागात फिरतो. अंधार पडल्यावर एकट्याने बांधावर फिरायला जायचं नाही, आणि कुत्र्याचं उरलेलं अन्न रात्री बाहेर ठेवायचं नाही.

जेवणाचं मी आता थोडक्यात आटोपते, कारण पहिल्या वर्षीची चूक मुख्यतः तिथेच झाली होती. दुपारचं जेवण हलकं, नाहीतर तीन तास सगळे आडवे. वरण-भात, एक भाजी, नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, ताक. रानभाज्या खायला घालायची हौस मला फार, पण टाकळा आणि कुर्डू आषाढातले. भाद्रपदात ते जून होतात, तेव्हा हट्ट धरू नये. करटोली मिळाली तर नशीब, नाहीतर दोडका आणि गवार आहेच. चारला उकडलेल्या ओल्या शेंगा, किंवा घोसाळ्याची भजी. रात्री उडदाचं घुटं आणि भाकरी असली की कोणी बोलत नाही, नुसते जेवतात. मिसळ शेवटच्या दिवशी, सामान बांधून झाल्यावर. पथ्य, उपास, कांदा-लसूण, शेंगदाण्याची ॲलर्जी, हे सगळं दोन आठवडे आधी फोनवर विचारून वहीत लिहून ठेवा. शेंगदाण्याशिवाय आपल्याकडे एक दिवस काढणं किती अवघड आहे ते तेव्हाच कळतं.

पाहुण्यांना सकाळच्या गाडीने नाशिकरोडला उतरायला सांगा. पंचवटी एक्स्प्रेस सगळ्यांना माहीत असते, पण ती मुंबईहून संध्याकाळी सुटते, इथे पोचेपर्यंत रात्र होते. पुढे तासाभराचा अंधारातला रस्ता, वरून पाऊस. नव्या जागेत माणसाने पहिल्यांदा उजेडी पाऊल टाकावं. दुपारनंतर गिरणाऱ्याच्या बाजाराला टोमॅटोच्या पिकअप लागलेल्या असतात, म्हणून गाडीवाल्याला बाराच्या आत पोचायचं सांगते.

पुस्तकं थोडीच ठेवा. मी आधी दोन कपाटं भरली होती. लोक लिहायचं सोडून वाचत बसले. आता १८४० साली सुरू झालेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयातून माझ्या कार्डावर येतील तेवढीच आणते. बाकी फळी रिकामी. त्यांनी आपापलं काही आणलेलं असतं, त्याला जागा लागते.

शेवटच्या दोन दिवसांत बाजारात जायचं नाही, असा माझा नियम आहे. राहिलं ते राहिलं. या दोन दिवसांत मी, हे आणि मावशी, तिघंच असतो. कौलांवर सर वाजून जाते, मग पागोळ्या. मी एकेका खोलीत जाऊन दारात उभी राहते आणि एक तरी वस्तू उचलून बाहेर आणते. भिंतीवरचं माझंच चित्र, प्लॅस्टिकची फुलं, जास्तीची खुर्ची, टिकटिकणारं घड्याळ. पहिल्या वर्षी मावशींना हे विचित्र वाटलं. त्या म्हणाल्या, "बाई, पाहुण्यांना घर सजवून द्यायचं असतं." मी त्यांना त्या मोकळ्या केलेल्या टेबलाशी बसवलं, खिडकीसमोर. त्या बराच वेळ बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "हितून डोंगर आख्खा दिसतो की." पस्तीस वर्षं त्या या घरात येताहेत.

त्यांना आणि ह्यांना सांगून ठेवायच्या गोष्टी दोनच. दार लोटलेलं असेल तर वाजवायचं नाही, जेवणालासुद्धा नाही. ताट झाकून पडवीतल्या फळीवर ठेवायचं. आणि आज किती लिहून झालं, हे कोणालाही विचारायचं नाही. मावशींनी तेव्हा विचारलं होतं, "यांना बोलायला आवडत नाही का?" आवडतं, चारनंतर. चारनंतर पडवीत इतकं बोलतात की कुत्रं उठून अंगणात जातं.

पाहुणे आले की पाय धुवायला पाणी, प्यायला पाणी, आणि खोली. घर दाखवत फिरायचं नाही. प्रत्येक टेबलावर माझ्या हाताने लिहिलेला एकच कागद असतो. जेवणाच्या वेळा, बटणं, माठ, १०८, आणि मी कुठे सापडेन. संध्याकाळी सापाचं बोलून घेते आणि नऊला दिवे कमी करते.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला उठून चहाचे दोन थर्मास भरते, एक साखरेचा, एक बिनसाखरेचा, आणि पडवीतल्या फळीवर ठेवून परत फिरते. सव्वासहाला येऊन हळूच उचलून बघायचं. हलका लागला म्हणजे कोणीतरी उठून बसलं आहे. मग नऊपर्यंत मिक्सर लावायचा नाही. चटणी पाट्यावर वाटायची.